‘कालेलकर आयोग’वाले काकासाहेब १९१२ साली पायी हिमालयात गेले होते, त्यांच्या त्या प्रवासाची गोष्ट

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या दिग्रसच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, पहिला मागासवर्ग आयोग कधी नेमला आणि अध्यक्ष कोण होते? उत्तर लगेच येईल. १९५३, कलम ३४०, अध्यक्ष काका कालेलकर. झालं, पुढचा प्रश्न.

बहुतेक मराठी वाचकांसाठी काकासाहेब कालेलकर एवढ्या एका मार्कापुरते उरलेत.

पण याच माणसाने वयाच्या सव्विसाव्या वर्षी, खिशात फारसं काही नसताना, दोन मित्रांना सोबत घेऊन हिमालय पायी पालथा घातला होता. त्या प्रवासात सगळं मिळून दोन हजारांहून जास्त मैल चालणं झालं. म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर. पुढे त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि ते भारतीय भाषांमधल्या नावाजलेल्या प्रवासवर्णनांपैकी एक ठरलं. आता हे आपल्याला माहिती का नाही? कारण साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने ते पुस्तक गुजरातीत लिहिलं.

ही गोष्ट आज सांगण्याचं कारणही आहे. दिग्रस, पुसद, दारव्हा या पट्ट्यातून उन्हाळा लागला की चारधामला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. अलीकडे पाठीवर सॅक टाकून उंचावरच्या ट्रेकला निघणारी पोरंही वाढलीत. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरही उंच नसलेल्या आपल्या गावातून निघालेला माणूस आज तिसऱ्या-चौथ्या दिवशी साडेतीन हजार मीटरवर उभा असतो. गडबड नेमकी तिथेच होते. ती काय, ते काकासाहेबांच्या प्रवासाकडे पाहिलं की चांगलं कळतं.

दत्तू ते काका

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा, साताऱ्याचा. घराणं मूळचं सावंतवाडीकडच्या कालेलीचं, म्हणून आडनाव कालेलकर. वडील सरकारी नोकरीत, हिशेबाच्या खात्यात. त्यामुळे बदल्या पाचवीला पुजलेल्या. सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड अशी गावं बदलत धाकट्या दत्तूचं बालपण गेलं. एका गावात जीव रमतोय तोवर बैलगाडी नाहीतर बोट पुढच्या गावाला निघायची. नदी, घाट, समुद्र बघत मोठं होणं काय असतं, ते या बदल्यांनी त्यांना शिकवलं.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ साली ते पदवीधर झाले. तो काळ बंगालच्या फाळणीनंतरचा. स्वदेशी, बहिष्कार, टिळकांचा जहाल विचार. पदवी घेऊन सरकारी नोकरी धरायची आणि पेन्शनीत निघायचं हा सरळ रस्ता या तरुणाने धरला नाही. बेळगावच्या एका राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवलं. मुंबईत टिळकांच्या विचारांच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात काम केलं. ते दैनिक फार दिवस टिकलं नाही. पण तिथे ओळख झालेला एक माणूस या गोष्टीत पुढे येणार आहे.

‘राष्ट्रमत’नंतर ते बडोद्याला गेले. तिथे बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांनी गंगनाथ विद्यालय नावाची राष्ट्रीय शाळा चालवली होती. हे देशपांडे म्हणजे अरविंद घोष यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. शाळेत गुरुजी-साहेब असला प्रकार नव्हता. मुलांना घरच्यासारखं वाटावं म्हणून शिक्षकांना नात्याची नावं दिली होती. फडके झाले मामा, हरिहर शर्मा झाले अण्णा आणि कालेलकर झाले काका. हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं. पुढे देशभर जे काकासाहेब म्हणून ओळखले गेले, ते मुळात एका शाळेतल्या पोरांचे काका होते.

पण राष्ट्रीय शाळा म्हटली की इंग्रज सरकारची नजर आलीच. बडोदं संस्थान होतं तरी दबाव यायचा तो आलाच आणि गंगनाथ विद्यालय बंद पडलं.

म्हणजे आता परिस्थिती बघा. वय सव्वीस. वर्तमानपत्र गेलं, शाळा गेली. देशासाठी काय करावं, ते कळेना. घरी पत्नी लक्ष्मीबाई आणि संसार. आणि मनात वेगळंच वारं घुमत होतं, वैराग्याचं. राजकारण करावं, शिकवावं की सगळं सोडून साधना करावी?

उत्तर मिळेना, तेव्हा ते चालायला लागले.

तीन मराठी बोलणारे हिमालयात

१९१२ च्या या प्रवासात काकांचे सोबती दोन. एक अनंतबुवा मर्ढेकर. दुसरे स्वामी आनंद.

स्वामी आनंद म्हणजे मघाशी सांगितलेली ‘राष्ट्रमत’मधली ओळख. मूळ नाव हिंमतलाल दवे, जन्म सौराष्ट्रातला. लहानपणीच घर सोडून साधूंबरोबर निघालेला हा मुलगा पुढे संन्यासी झाला, मुंबईत टिळकांच्या माणसांमध्ये वावरला आणि मराठी अस्खलित बोलू लागला. १९१२ च्या सुमारास ते कुमाऊंमधल्या अल्मोड्याला शाळेत शिकवत होते. म्हणजे हिमालयात पाऊल टाकताना काकांकडे तिथली माहिती असलेला, भाषा जाणणारा माणूस होता. आजच्या भाषेत, ग्रुपमधला एक जण लोकल होता.

काका आणि बुवा थेट डोंगरात गेले नाहीत. आधी प्रयाग, काशी, गया अशी मैदानातली तीर्थं झाली. मग अल्मोडा.

आता अल्मोड्याला पोचायचं कसं, तर रेल्वे फक्त काठगोदामपर्यंत. ती १८८४ साली आलेली. काठगोदाम साडेपाचशे मीटरवर. तिथून पुढे जुनी वाट भीमताल, रामगढ, प्यूडा असे टप्पे घेत अल्मोड्याला जायची. भीमताल साधारण १,३७० मीटरवर, रामगढ पावणेअठराशेच्या आसपास, अल्मोडा सोळाशेच्या थोडं वर. म्हणजे वाट चढायची, उतरायची, परत चढायची. अंतर साठेक किलोमीटर. आज गाडीने अर्ध्या दिवसाच्या आत होणाऱ्या या वाटेला पायी चालणाऱ्याचे तीन-चार दिवस जायचे.

त्या तीन-चार दिवसांत शरीरात काय होत होतं, हे १९१२ च्या यात्रेकरूला ठाऊक नव्हतं. आपल्याला आज ठाऊक आहे. तरी ते आपण विसरतो.

उंचीवर नेमकं होतं काय?

बऱ्याच जणांना वाटतं, वर गेलं की हवेतला ऑक्सिजन कमी होतो. थोडं चुकतं इथे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण खाली दिग्रसला आहे तेवढंच वर केदारनाथलाही असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ. साडेतीन हजार मीटरवर एका श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो.

शरीर यावर उपाय शोधतं, पण त्याच्या वेगाने. श्वास लगेच वाढतो. त्यामुळे रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो, तो सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. यातलं काहीच पैसे देऊन किंवा जिममध्ये घाम गाळून लवकर होत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा तगडा पोरगाही वर जाऊन आडवा होतो आणि त्याची आजी ठणठणीत असते, असं घडू शकतं.

त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. वर पोचल्यावर काही तासांत डोकं दुखायला लागतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. याला आपण प्रवासाचा शीण म्हणतो आणि गोळी घेऊन पुढे चालतो. बहुतेकदा निभावतं. पण कधी फुप्फुसांत पाणी होतं किंवा मेंदूला सूज येते. मग चालताना तोल जातो, बसल्या जागी धाप लागते. अशा वेळी तातडीने खाली उतरवलं नाही तर माणूस हाती लागत नाही.

चट्टीचं गणित

काकासाहेब अल्मोड्याहून पुढे उत्तराखंडच्या यात्रेला निघाले. तेव्हा चारधाम म्हणजे काय होतं, हे समजून घेऊ.

ऋषीकेशला तेव्हा रेल्वे नव्हती, डोंगरात मोटारीचा रस्ता नव्हता. सगळी यात्रा पायी. ज्यांना जमत नसे, त्यांना माणसं कंडीत म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, नाहीतर दांडीत बसवून न्यायची. वाटेवर दर काही मैलांवर ‘चट्टी’ असायची. चट्टी म्हणजे गवती किंवा दगडी छपराची लांबट पडवी आणि एक दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घेतलं की राहायची जागा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट. सकाळी उठायचं, ऊन चढेपर्यंत चालायचं, चट्टीवर थांबून रांधून खायचं, दुपार टळली की परत थोडं चालायचं आणि पुढच्या चट्टीवर पाठ टेकायची. वाटेत काली कमलीवाले बाबांच्या धर्मशाळा आणि अन्नछत्रंही होती.

अशा चालीने दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर व्हायचे. आता हिशेब करा. ऋषीकेश साडेतीनशे मीटरच्या आसपास, केदारनाथ ३,५८३ मीटर, मधलं अंतर दोनशेहून जास्त किलोमीटर. म्हणजे सरळ गेलं तरी किमान बारा-पंधरा दिवस. आणि यात्रा सरळ नव्हतीच. आधी यमुनोत्री, मग गंगोत्री, मग केदार, शेवटी बदरी, असा क्रम. गंगोत्रीहून केदारला जाणारी तेव्हाची वाट पवालीच्या उंच कुरणावरून, तीन हजार मीटरच्या वरून जायची आणि त्रियुगीनारायणला उतरायची. केदारला पोचेपर्यंत यात्रेकरू कित्येक आठवडे डोंगरात असायचा. उंची चढून, उतरून, पुन्हा चढून त्याचं शरीर पुरतं तयार झालेलं असायचं.

आज गिर्यारोहणाच्या डॉक्टरांचा साधा नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करा. चट्टीवाल्यांनी हा नियम वाचला नव्हता. पण माणसाच्या पायाला जेवढं जमतं तेवढ्याच अंतरावर चट्ट्या होत्या आणि बहुतेक वाटेवर तेवढी चाल शरीराला मानवत होती.

पण म्हणून जुनं ते सोनं, असं म्हणायची घाई नको. त्या काळी यात्रेत पटकी यायची आणि चट्टीच्या चट्टी रिकामी व्हायची. दरड, पूर, उघड्यावरची थंडी वेगळीच. घरून निघतानाच लोक निरवानिरव करून निघत, परत येऊ याचा भरवसा धरत नसत. काकांसारखा संसारी तरुण निघतो, तेव्हा मागे राहिलेल्यांनी किती काळ वाट पाहिली असेल, याचा विचार करायला हवा. ना फोन, ना वेळेवर पत्र.

आज पटकी नाही, रस्ते आहेत, हेलिकॉप्टर आहे. तरी २०२२ च्या चारधाम हंगामात दोनशेहून जास्त यात्रेकरू दगावले. बहुतेकांची कारणं तब्येतीची होती, विशेषतः हृदयाची. सगळ्यांत जास्त मृत्यू केदारनाथच्या वाटेवर. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या आसपास आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे जवळपास सोळाशे मीटरची चढण बहुतेक लोक एका दिवसात करतात. त्याच्या दोन दिवस आधी ते आपापल्या गावात पंख्याखाली बसलेले असतात.

परत आलेला माणूस

काकासाहेबांची ही भटकंती संपली तेव्हा त्यांना संन्यासाचं उत्तर मिळालं होतं का? त्यांनी पुढे काय केलं, त्यावरून कळतं. ते डोंगरात राहिले नाहीत. खाली आले आणि पुन्हा शिकवू लागले. या वेळी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात.

१९१५ च्या फेब्रुवारीत तिथे दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधी आले. ओळख झाली. गांधींनी शांतिनिकेतनात मुलांनी आणि शिक्षकांनी स्वतः स्वयंपाक करायचा प्रयोग सुरू केला, त्यात काका हिरिरीने उतरले. चट्टीवर रांधायची सवय असलेल्या माणसाला त्यात काय अवघड! पुढे ते साबरमती आश्रमात दाखल झाले. गंमत बघा, स्वामी आनंदही गांधींकडेच पोचले. ‘नवजीवन’चं काम त्यांनी सांभाळलं आणि गांधींनी आत्मचरित्र लिहावं म्हणून मागे लागणाऱ्यांत ते होते. हिमालयात एकत्र चाललेले दोघे एकाच आश्रमाचे झाले.

आश्रमातल्या मुलांसाठी काकांनी हिमालयाच्या आठवणी लिहायला घेतल्या. मुलं गुजराती, म्हणून भाषा गुजराती. त्यातून १९२४ साली ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक आलं. मराठी आईबापाचा मुलगा गुजराती गद्याचा मोठा लेखक झाला. गांधींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ही पदवीच देऊन टाकली.

पुढचं आयुष्यही धावपळीचं. गुजरात विद्यापीठाची उभारणी, अनेक तुरुंगवास, १९३० मध्ये येरवड्यात गांधींची सोबत. मध्येच क्षयाने गाठलं. ज्या छातीने हिमालय चढला, त्याच छातीचा आजार. त्यातूनही ते पथ्यपाणी सांभाळून, सावकाश उठले. मग हिंदीच्या प्रचारासाठी वर्धा. म्हणजे आपल्या यवतमाळच्या शेजारचा जिल्हा. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामात त्यांनी विदर्भात बराच काळ काढला. देवनागरी लिपी सोपी व्हावी म्हणून ‘अ’ला वेलांट्या-उकार देऊन लिहायची पद्धत त्यांनीही पुढे रेटली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६४ राज्यसभा. १९५३ साली तो आयोग. १९५५ मध्ये अहवाल आला, त्यात २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या होत्या. अहवाल राष्ट्रपतींकडे पाठवताना मात्र जात हाच निकष धरण्याबद्दल स्वतः अध्यक्षांनीच आक्षेप नोंदवला. त्यावर आजही वाद होतात. १९६४ साली पद्मविभूषण, १९६५ साली गुजरातीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार. या सगळ्यात फिरणं थांबलं नाही. नद्यांवर पुस्तक, पूर्व आफ्रिकेवर पुस्तक, जपानवर पुस्तक. २१ ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले, तेव्हा वय पंचाण्णव.

मग आपण काय करायचं?

आता कुणी म्हणेल, आम्हाला काय महिनोन्महिने सुट्टी मिळते का? नाही मिळत. दहा दिवसांच्या रजेत ऋषीकेशहून पायी केदारला जा, असं कुणी सांगत नाहीये. पण काकासाहेबांच्या प्रवासातली एक गोष्ट दहा दिवसांतही बसते. ती म्हणजे प्रवासाची सुरुवात सावकाश करणं.

हजार-दोन हजार मीटरच्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात पहिली एक-दोन रात्री मुक्काम करा. तिथे सामान ठेवून थोडं चढून या, झोपायला खाली परत. पुढचा मुक्काम थोडा वर. केदारला एका दिवसात वर-खाली करण्यापेक्षा वाटेत थांबा. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर त्या दिवशी वर जायचं नाही. त्रास वाढला तर दर्शन राहू द्या, समिट राहू द्या, खाली उतरा. मंदिर आणि डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतात. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. उंचीच्या गोळ्याही त्यांनाच विचारून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

आणि टूरवाल्याने ‘सहा दिवसांत चारधाम’ असं पत्रक हातात दिलं, तर त्याला एकच प्रश्न विचारा. पहिल्या तीन रात्री कुठे, किती उंचीवर झोपवणार? त्याला उत्तर देता आलं नाही, तर पैसे भरू नका.

पुढच्या वेळी प्रश्नपत्रिकेत पहिला मागासवर्ग आयोग आला, तर उत्तर तेच लिहा, मार्क मिळतील. पण उन्हाळ्यात घरातलं कुणी हिमालयात निघालं, तर त्याला काकासाहेबांची ही गोष्टही सांगा. ते सगळं पायी चालून परत आले आणि त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं जगले.